मॉर्मन घरातला आठवडा: शनिवारच्या बुटांपासून मिशनच्या फोनपर्यंत

आमच्याकडे पाच मुलं. थोरला मिशनवर, म्हणजे धर्मप्रसाराच्या सेवेवर आहे, दुसरी सेमिनरीला, म्हणजे किशोरवयीनांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला जाते, तिसऱ्याला यंदा बारावं, चौथीचा बाप्तिस्मा नुकताच झाला आणि शेंडेफळ अजून नर्सरीत. लग्नानंतर मी अमेरिकेतल्या यूटात आले आणि चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सची सभासद झाले. चर्चने २०१८ पासून पूर्ण नाव वापरायला सांगितलंय, पण मराठीत मॉर्मन म्हटलं की लगेच कळतं, म्हणून वर तोच शब्द घेतलाय. ज्यांच्या घरात हे सगळं नव्याने सुरू झालंय आणि लहान मुलं हाताशी आहेत, त्यांच्यासाठी लिहितेय.

माझं म्हणणं आधीच सांगते. थोडं करा, पण ठरलेल्या दिवशी करा आणि त्यातलं काम मुलांच्या हातात द्या. वर्षातून चारदा केलेल्या दोन तासांच्या सुंदर कार्यक्रमापेक्षा दर सोमवारची वीस मिनिटं मुलांच्या अंगी जास्त लागतात. पुढे जे जे सांगणार आहे ते सगळं यातूनच आलंय.

शनिवार संध्याकाळ

अंघोळींच्या आधी सगळ्यांचे रविवारचे बूट दाराशी ओळीत लावून घ्या. कपड्यांचं नंतर बघता येतं. शर्टाला इस्त्री मिनिटभरात होते, पण डाव्या पायाचा हरवलेला बूट शोधताना सगळं घर उलथंपालथं होतं आणि तोवर पहिलं स्तोत्र सुरू झालेलं असतं. आमच्याकडे हे खातं चौथीचं. ती प्रत्येक जोडीत त्या त्या माणसाचे मोजे गुंडाळून ठेवते, आणि महिन्यातून एकदा धाकट्याला मांडीवर घेऊन त्याच्या पायात बूट चढवते, पुढे अंगठ्यापाशी दाबून बघते, मग मला हाक मारते, "आई, जागा संपली!" दोन वर्षांचं मूल बूट आवळतोय असं सांगत नाही. ते भर शांततेत बूट काढून बाकाखाली भिरकावतं. म्हणून ही तपासणी महत्त्वाची.

मग चर्चची पिशवी. ती कायमची वेगळी ठेवा आणि आठवडाभर तिला हात लावू देऊ नका. आत ओले टिश्यू, डायपर, पाण्याची न सांडणारी बाटली, कोरडं सीरियल, दोन मऊ पुस्तकं, मेणाचे खडू आणि कोरी वही. आवाज करणारं, घरंगळणारं आणि सुटं होणारं काहीही नको. लाकडी बाकांच्या उतारावरून एखादी गोटी निघाली की ती थेट पुढे बिशपच्या, म्हणजे आमच्या मंडळीच्या प्रमुखाच्या, पायापर्यंत जाते.

रविवारी आम्ही खरेदी करत नाही आणि स्वयंपाकही कमीत कमी ठेवतो, त्यामुळे दुपारचं जेवण शनिवारीच चिरून-कापून स्लो कुकरच्या भांड्यात भरून फ्रीजमध्ये जातं. सकाळी फक्त बटण दाबायचं.

रविवारचे दोन तास

२०१९ च्या जानेवारीपासून रविवारची सभा तीनऐवजी दोन तासांची झाली. पहिला तास सॅक्रामेंट मीटिंग, म्हणजे ब्रेड आणि पाणी वाटण्याच्या विधीची सभा, सगळ्यांनी एकत्र. दुसऱ्या तासात लहान मुलं प्रायमरीत, म्हणजे त्यांच्या वर्गात, मोठी मुलं आणि मोठी माणसं आपापल्या वर्गात. एकाच इमारतीत अनेकदा दोन-तीन वॉर्ड, म्हणजे स्थानिक मंडळ्या, असतात आणि वेळा साधारण दर जानेवारीत फिरतात. सकाळी नऊची वेळ आली तर सुखाचं. दुपारी एकची आली तर नव्या वर्षाच्या दोन आठवडे आधीपासूनच धाकट्याची झोप अर्ध्या-अर्ध्या तासाने पुढे-मागे सरकवायला लागा, नाहीतर ते वर्ष तुम्ही लॉबीतच काढाल.

आपल्याकडे पगारी पाळक नसतो. बिशपसुद्धा वॉर्डातलाच कुणीतरी नोकरदार, मुलाबाळांचा माणूस. त्यामुळे नवऱ्याला बिशपच्या मदतनिसाचं कॉलिंग, म्हणजे चर्चने सोपवलेलं बिनपगारी काम, मिळालं तर तो पुढे व्यासपीठावर बसतो आणि बाकावर पाच मुलांसह तुम्ही एकट्या. अशा वेळी बाजूच्या बाकाची कडेची जागा धरा, मागे अजिबात बसू नका. मागे बसलं की मुलांना फक्त लोकांच्या पाठी दिसतात. पुढून तिसऱ्या रांगेत त्यांना ब्रेड मोडणारे हात दिसतात, ट्रे घेऊन येणारा आपलाच दादा दिसतो, आणि मग ती आपसूक गप्प बसतात. शेजारी एखाद्या आजीला बसवून घ्या. ज्यांची नातवंडं दुसऱ्या राज्यात आहेत त्या आज्या याची वाटच बघत असतात. हे मला सासूबाईंनी सांगितलं. त्यांनी सात वाढवलेत, आणि मुलांच्या बाबतीत मी त्यांचा शब्द सहसा खाली पडू देत नाही.

ब्रेड आणि पाणी सगळ्यांपर्यंत पोचेपर्यंत पिशवी बंद. खाऊ नाही, खडू नाहीत. तीन वर्षांच्या मुलालाही एवढा वेळ जमतो, फक्त दर आठवड्याला तोच नियम हवा. सॅक्रामेंट झाला की वही काढायची. आणि मूल रडायला लागलं तर बाहेर न्या, पण लॉबीत मांडीवरच बसवा. तिथे पळायला मोकळं सोडलंत तर रडलं की खेळायला मिळतं हे त्याला दुसऱ्याच रविवारी कळतं.

महिन्याचा पहिला रविवार उपवासाचा. सलग दोन जेवणं सोडायची, साधारण चोवीस तास, पाणीही नाही. आपल्याकडच्या उपवासासारखा फराळ इथे नसतो, त्यामुळे मुलांच्या बाबतीत घाई करू नका. आमच्याकडे बाप्तिस्म्यानंतर एक जेवण सोडण्यापासून सुरुवात होते, तेही मुलाने स्वतः म्हटलं तर. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि आजारी माणसांनी तर करूच नये. एक गोष्ट मात्र मुलांना नक्की करायला लावा: उपवास कुणासाठी आहे ते शनिवारी रात्री ठरवायचं. शेजारच्या काकांची शस्त्रक्रिया, ताईची परीक्षा, काहीही, पण एकच नाव. नाव असलं की भूक कळते कशासाठी ते. वाचलेल्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी देणगी म्हणून जातात. ते पाकीट मुलांच्याच हातून बिशपकडे द्या.

त्याच रविवारी कुणीही उठून आपली साक्ष, म्हणजे आपली श्रद्धा स्वतःच्या शब्दांत, सांगू शकतं. लहानग्यांना मायक्रोफोनचं भारी आकर्षण. कानात शब्द सांगून मुलाला बोलायला लावण्यापेक्षा साक्ष सांगण्याचा सराव सोमवारी घरी करून घ्या आणि त्याला स्वतःची दोन वाक्यं सापडेपर्यंत थांबा.

सोमवार

आमच्या घराचा खरा कणा सोमवार आहे. १९१५ मध्ये जोसेफ एफ. स्मिथ अध्यक्ष असताना चर्चने कुटुंबांना एक संध्याकाळ घरी एकत्र घालवायला सांगितलं, आणि १९७० मध्ये त्यासाठी सोमवार ठरला. त्या संध्याकाळी चर्चमध्ये दुसऱ्या बैठका ठेवत नाहीत. म्हणजे बाहेरून कुणी तुमचा सोमवार मागणार नाही. तो तुम्हीच खेळाच्या क्लासला किंवा ऑफिसच्या फोनला देऊन टाकू नका.

भिंतीवर एक फळी लावा. तिला खिळे, प्रत्येक खिळा एका कामाचा (सूत्रसंचालन, गाणं, प्रार्थना, धडा, खेळ, खाऊ), आणि त्याला नावाचा पत्रा. दर आठवड्याला पत्रे एक घर पुढे सरकतात. सरकवायचा मान सगळ्यांत धाकट्याचा, त्याला उचलून धरा. नर्सरीतल्या मुलालाही गाणं येतं आणि बोलता येत नसलं तरी हात जोडून बसता येतं, त्यामुळे त्याचाही पत्रा हवा.

धडा सात-आठ मिनिटांचा. मुलाला विषय द्या, साहित्य देऊ नका, ते त्यालाच शोधू दे. परवा चौथीची पाळी होती, विषय होता पश्चात्ताप. तिने काचेच्या भांड्यात पाणी घेतलं, त्यात शाईचा एक थेंब टाकला आणि सगळ्यांना सांगितलं, आता हे स्वच्छ करून दाखवा. दादाने गाळणं आणलं. गाळून शाई जाईना. मग ती भांडं सिंकमध्ये नळाखाली धरून उभी राहिली, वरून ताजं पाणी पडत राहिलं, कडेवरून निळं वाहत गेलं, आणि पाणी नितळ होईपर्यंत तिने नळ बंद केला नाही. आम्ही सगळे सिंकभोवती उभे. मी तयार केलेला कुठलाही धडा यापेक्षा मोठं काही सांगू शकला नसता, म्हणून आता मी धडे तयार करतच नाही.

धड्यानंतर पाच मिनिटं कॅलेंडर. आठवड्यात कुणाचं काय, कोण गाडी चालवणार, बाबा कुठल्या संध्याकाळी मुलाखतींना चर्चमध्ये असणार, कुणाला जेवण पोचवायचंय. प्रत्येकाचा रंग वेगळा. चिडचिड व्हायची तर ती इथेच होऊ दे, गुरुवारी सकाळी दारात नको. मग एक खेळ, खाऊ, आणि संपलं.

भांडणं होतील. एखादा सोमवार नुसत्या रडारडीचा जाईल. तरी शेवटची प्रार्थना म्हणून मगच उठा. किशोरवयीन मुलं तोंड वाकडं करतात तेव्हा त्यांना वजनदार काम द्या. पंधरा वर्षांच्या मुलीला गाणं निवडायला सांगितलं तर ती कंटाळणारच. तिला धाकट्या भावाला काहीतरी शिकवायला सांगा, मग बघा.

रोजचं वाचन याहूनही छोटं. २०१९ पासून चर्चचा अभ्यासक्रम घराभोवती बांधलाय: चार वर्षांच्या चक्रात जुना करार, नवा करार, 'मॉर्मनचं पुस्तक' आणि 'सिद्धांत आणि करार' (हे शेवटचे दोन आमच्या चर्चचे स्वतःचे धर्मग्रंथ). २०२६ हे जुन्या कराराचं वर्ष. आमच्याकडे नाश्त्याच्या टेबलावर पाच-सहा ओव्या होतात, वाचता येणाऱ्याने एकेक वाचायची. कुणी प्रश्न विचारला तर तिथेच थांबायचं. त्या दिवशी एकच ओवी झाली तरी ती पुष्कळ झाली.

कॉलिंग, जेवणं आणि पैसे

वॉर्डात प्रत्येकाकडे काही ना काही काम असतं आणि ते कधीही बदलतं. नवराबायको दोघांकडेही जड कॉलिंग आलं तर बिशपला तसं सांगायला लाजू नका. घरी तान्हं मूल आहे हे त्यांना सांगितल्याशिवाय कसं कळणार? शिवाय २०१८ पासून मिनिस्टरिंगची पद्धत आहे, म्हणजे तुमच्याकडे काही घरं सोपवलेली असतात आणि तुम्हीही कुणाला तरी सोपवलेले असता. बाळंतपण, आजारपण, मृत्यू, घर बदलणं, काहीही झालं की रिलीफ सोसायटी या चर्चच्या महिला संस्थेच्या बायका जेवण घेऊन दारात येतात. ही संस्था १८४२ सालची, आणि इतक्या वर्षांचा सराव त्यांच्या कामात दिसतो. तुम्हीही आठवड्यात एकदा कॅसरोल (ओव्हनमध्ये भाजायचा पदार्थ) कराल तेव्हा दुप्पट करा, अर्धा फॉइलच्या ट्रेमध्ये घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि वर तारीख लिहा. निरोप संध्याकाळी पाच वाजता येतो. डबा द्यायला मुलांना बरोबर न्या, हातात सॅलडचं भांडं द्या. दुःखाच्या घरात जाऊन काय बोलायचं हे त्यांना पुढे शिकवावं लागत नाही.

पैशाचं थोडक्यात: दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग. मुलाला खाऊचे पैसे सुटे द्या, म्हणजे दहातलं एक नाणं त्याला स्वतः वेगळं काढता येईल. तीन बरण्या ठेवा, दशांशाची, मिशनच्या बचतीची आणि खर्चाची. वर्षाअखेरीला सगळं कुटुंब बिशपला भेटतं तेव्हा मुलांनी आपला हिशोब आपणच सांगावा.

टप्पे

बाळाला नाव देऊन आशीर्वाद देण्याचा विधी बहुधा उपवासाच्या रविवारी होतो. वडील आणि इतर पुरुष गोल करून बाळाला हातांवर धरतात. दोनच सूचना: चोखणी वडिलांच्या खिशात हवी, आणि बाळाला अगदी निघायच्या आधी पाजा. अठराव्या महिन्यात नर्सरी सुरू होते. मूल पहिले काही रविवार ओरडणारच. आई किंवा बाबाने आत बसून राहावं, गुपचूप पळून जाऊ नये. तीन पूर्ण झालेली मुलं जानेवारीत सनबीमच्या वर्गात जातात, म्हणजे नर्सरीतली खेळणी जातात आणि खुर्ची येते. डिसेंबरात घरी खुर्चीवर बसून गोष्ट ऐकायची सवय लावली की पुरतं.

बाप्तिस्मा आठव्या वर्षी. इथे माझं जरा जास्त बोलणं होईल, कारण मेजवानी आणि पांढऱ्या फ्रॉकच्या नादात मूल बाजूला पडतं. आठ हे वय यासाठी की त्या वयात मूल आपल्या वागण्याची जबाबदारी घेऊ शकतं असं आपण मानतो. मग निर्णयही त्याचाच हवा. सातव्या वाढदिवसापासून वर्षभर सोमवारी अधूनमधून हा विषय काढा: वचन म्हणजे काय, ते मोडलं तर काय, माफी कशी मागायची. बिशप मुलाशी बोलतात तेव्हा उत्तरं पाठ करून पाठवू नका. आमच्या चौथीने बिशपना उलट विचारलं होतं, "तुम्हाला तेव्हा भीती वाटली होती का?" आणि ते दोघं बराच वेळ त्यावरच बोलत बसले.

तयारी अशी करा. वडील बाप्तिस्मा देणार असतील तर आदल्या आठवड्यात दिवाणखान्यात कोरडा सराव घ्या. मुलाने उजव्या हाताने स्वतःचं नाक धरायचं, डाव्या हाताने बाबांचं मनगट. बाबांचा दुसरा हात पाठीवर. मागे झुकताना गुडघे वाकवायचे. हे गुडघ्यांचंच खरं महत्त्वाचं, कारण ताठ राहिलं की पाय वर तरंगतात, आणि अंगाचा किंवा कपड्याचा थोडासाही भाग पाण्यावर राहिला तर पुन्हा बुडावं लागतं. लांब केस असतील तर घट्ट वेणी घाला. प्रार्थनेचे शब्द ठरलेले आहेत, ते बाबांनी पाठ करावेत. घाबरल्यावर माणूस रोजचं नावसुद्धा अडखळत घेतो, म्हणून मुलाचं पूर्ण नाव मोठ्याने म्हणून बघावं. पुन्हा करावं लागलं तर काही बिघडत नाही हेही मुलाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे पाण्यात ते दचकणार नाही.

दोन साक्षीदार लागतात. ऑक्टोबर २०१९ पासून बाप्तिस्मा झालेली कुठलीही व्यक्ती साक्षीदार होऊ शकते, बायका आणि मुलंही. आमच्याकडे ताई आणि दादा कुंडाच्या दोन बाजूंना वाकून, डोळे न मिटता बघत होते. भावंडांना ही जागा जरूर द्या. पांढरे कपडे बहुतेक चर्चमध्ये मिळतात, मापाची चौकशी आधी करा. पिशवीत दोन टॉवेल, कोरडे आतले कपडे, कंगवा आणि ओल्या कपड्यांसाठी प्लास्टिकची थैली. बाहेर आल्यावर मूल थरथरतं. तिथे फोटो काढायला कुणाला उभं करू नका, एक टॉवेल उघडून स्वतः उभ्या राहा. नंतर डोक्यावर हात ठेवून पवित्र आत्म्याच्या दानाचा विधी होतो, तोवर केस बऱ्यापैकी कोरडे झालेले असावेत. पाहुण्यांचं जेवण साधंच ठेवा.

ज्या वर्षी बारा पूर्ण होणार त्या वर्षाच्या जानेवारीत मूल प्रायमरी सोडून तरुणांच्या गटात जातं. मुलगे डीकन (पौरोहित्याची पहिली पायरी) होतात आणि सॅक्रामेंटचे ट्रे वाटतात, मुली यंग विमेनमध्ये. दोघांनाही मृतांसाठीच्या बाप्तिस्म्यासाठी, म्हणजे वारलेल्या माणसांच्या वतीने बाप्तिस्मा घ्यायला, टेम्पलमध्ये, म्हणजे खास विधींच्या चर्चच्या मंदिरात, जाता येतं. पहिल्या रविवारी तिसऱ्याला कुठल्या रांगेपासून सुरुवात करायची याची भयंकर धास्ती होती. आम्ही शनिवारी रिकाम्या सभागृहात जाऊन ती वाट चालून आलो. तेवढंच पुरलं.

चौदाव्या वर्षी सेमिनरी, चार वर्षं. यूटात हायस्कूलच्या शेजारीच तिची इमारत असते आणि शाळेच्या वेळातला एक तास त्यासाठी सुटतो. इतर अनेक ठिकाणी ती शाळेच्या आधी, पहाटे असते. तुम्ही तशा ठिकाणी असाल तर संपूर्ण घर रात्री लवकर झोपलं पाहिजे, एकट्या मुलीला लवकर झोप म्हणून उपयोग नाही.

मिशनची कागदपत्रं वाटतात त्यापेक्षा जास्त वेळ खातात: डॉक्टर, दातांचा डॉक्टर, लसी, बिशप आणि स्टेक (अनेक वॉर्डांचा गट) अध्यक्षांच्या मुलाखती. अक्कलदाढा काढायच्या असतील तर त्या सुरुवातीलाच काढून घ्या. मुलगे दोन वर्षं जातात, मुली अठरा महिने. आणि त्याआधीच्या वर्षात मुलाला धुणं, इस्त्री, बटण लावणं, चार पदार्थ आणि आठवड्याचं बजेट आलंच पाहिजे. आमच्या थोरल्याकडे शेवटचे सहा महिने शुक्रवारचा स्वयंपाक होता. भावंडांनी जेवण नापसंत केलं तरी मी मध्ये पडले नाही.

पूर्वी मिशनरी वर्षातून दोनदाच घरी फोन करायचे. फेब्रुवारी २०१९ पासून आठवड्यातून एकदा, त्यांच्या तयारीच्या (स्वतःची कामं उरकायच्या) दिवशी, बोलता येतं. त्या कॉलसाठी एक वही करा आणि आठवडाभर प्रत्येकाला जे सांगायचंय ते तिच्यात लिहू दे, धाकट्याने नुसतं चित्र काढलं तरी चालेल. बोलायचा क्रम लहानाकडून मोठ्याकडे ठेवा. तो जेवला का, हे पहिलं विचारायचा मोह आवरा. आधी, या आठवड्यात कुणाला भेटलास, असं विचारा आणि त्याला सावकाश सांगू द्या. पैसे, औषधं, बुटांचे तळवे असे कामाचे प्रश्न ईमेलवर पाठवावेत, म्हणजे बोलायचा वेळ बोलण्यातच जातो.